नैराश्यावर मोहिनीविद्या

पुणे शहर सोडून पश्चिमेकडे निघाले, म्हणजे भूगाव आणि भुकूम ही गावे मागे पडतात व पौडच्या वाटेवर पिरंगुट लागते. मुळशी तालुक्यातील हे गाव एका पायाने अजून भाताच्या खाचरात उभे आहे, तर दुसरा पाय त्याने कारखान्याच्या फाटकात टाकला आहे. अशा गावात पन्नाशी गाठलेली एक बाई आहे, अशी कल्पना करावी. मुलगा पुण्यास नोकरीवर, मुलगी सासरी, यजमान पाळीवर. आषाढात कमरेत वाकून दिवसभर भाताची लावणी करणारे तिचे हात आता चहाचे आधण ठेवण्यासही उचलत नाहीत. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. जेवणाची वासना गेली. एकादशीचे भजन सुटले. शेजारणीची हाक ऐकू आली की आतून कडी लागते.

घरच्या माणसांपाशी ह्या स्थितीची दोन स्पष्टीकरणे तयार असतात. एक असे की, बाईला बाहेरचे काही लागले आहे. दुसरे असे की, हिच्या अंगात आळस शिरला आहे. पहिल्यापायी अंगारे-धुपारे होतात, दुसऱ्यापायी बोलणी खावी लागतात. आणि त्या बाईच्या मनात एक तिसरेच स्पष्टीकरण घर करून बसलेले असते: ‘माझे आता हे असेच चालायचे.’ पहिली दोन स्पष्टीकरणे चुकीची आहेत. परंतु घातक आहे ते तिसरे. कारण ते त्या दुखण्याविषयीचे मत नसून त्या दुखण्याचेच एक लक्षण असते. तापकऱ्याला थंडी वाजावी, तद्वत् नैराश्याने ग्रासलेल्या मनुष्यास पुढचे काही दिसेनासे होते. जो रोगी बरे होण्याची आशाच धरू शकत नाही, तो वैद्याकडे तरी का जाईल? नैराश्याच्या उपचारातील खरी अडचण ही आहे.

हे दुखणे विरळा नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, 2015-16 साली देशभर पाहणी केली. तीत असे आढळले की, प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकास आयुष्यात कधी ना कधी ह्या विकाराने गाठलेले असते. आणि त्यांतील बहुसंख्य लोकांपर्यंत कोणताही उपचार पोचत नाही. तेव्हा थोड्या बैठकांत, थोड्या खर्चात आणि घराजवळ करता येईल असा उपाय आहे काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. तो पिरंगुटसारख्या प्रत्येक गावाचा होतो.

अशा उपायांचा शोध घेणाऱ्यांत मायकेल याप्को ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव ठळक आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात अनेक वर्षे व्यवसाय करून त्यांनी नैराश्याच्या रोग्यांसाठी अल्पकालीन मानसोपचार व संमोहन ह्यांची सांगड घातली. त्यांचे कार्य समजण्यापूर्वी संमोहन म्हणजे काय, किंबहुना ते काय नव्हे, हे पाहणे अवश्य आहे. कारण मराठीत तिला मोहिनीविद्या म्हणण्याचा प्रघात पडला आणि त्या नावाबरोबर जादूटोण्याचा वासही तिला चिकटला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेस्मर नावाचा वैद्य आधी व्हिएन्नास व पुढे पॅरिसला रोग्यांवर ‘प्राणिज चुंबकत्वा’चा प्रयोग करीत असे. आपल्या देहातून एक अदृश्य द्रव रोग्याच्या देहात शिरतो, असा त्याचा दावा होता. 1784 साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे तिचे सभासद होते. समितीने एका मुलाचे डोळे बांधून त्यास बागेत नेले. तेथील एका झाडास चुंबकत्व दिलेले होते. परंतु मुलगा भलत्याच झाडाजवळ मूर्च्छित पडला. समितीने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही, हा सारा कल्पनाशक्तीचा परिणाम आहे. मेस्मरची ह्यात नाचक्की झाली खरी. पण एक मोलाची गोष्ट त्या अहवालाच्या तळाशी दडून राहिली. नुसत्या अपेक्षेने धडधाकट मुलगा जर जमिनीवर कोसळतो, तर योग्य अपेक्षेने कोसळलेला मनुष्य उठून का उभा राहू नये?

पुढे 1843 साली मँचेस्टरचे शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड ह्यांनी ह्या अवस्थेस निद्रेच्या ग्रीक देवतेवरून नाव दिले. ते नाव रूढ झाले, परंतु ते फसवे होते. कारण संमोहित मनुष्य झोपलेला नसतो. त्याचे लक्ष एका ठिकाणी एकवटलेले असते, एवढेच. लावणीच्या वेळी रोपावर नजर खिळली की पावसाचे भान राहत नाही, कीर्तनात रंगलेल्या श्रोत्यास मागे कोण आले ते कळत नाही. त्याच जातीची ही अवस्था होय. 1845 साली बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल ह्या सरकारी शस्त्रवैद्याने अशाच अवस्थेत रोग्यांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्या काळी गुंगीचे औषध हिंदुस्थानात पोचलेले नव्हते. कलकत्त्यास त्याच्यासाठी एक रुग्णालयही काही काळ चालले. लवकरच क्लोरोफॉर्म आले आणि एस्डेलची विद्या मागे पडली. परंतु एकवटलेल्या चित्तात वेदनेचेही रूप पालटते, हे तिने दाखवून दिले होते.

आता प्रश्न असा उद्भवतो की, ज्या साधनाने देहाची वेदना शमते, ते मनाच्या वेदनेवर का वापरले गेले नाही? ह्याचे उत्तर वैद्यांच्या भीतीत आहे. संमोहनाने मनाचे बांध ढिले पडतील आणि निराश रोगी आत्मघातास प्रवृत्त होईल, ह्या समजुतीने नैराश्यात संमोहन वर्ज्य मानण्याची परंपरा दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत चालत राहिली.

याप्को ह्यांनी ह्या परंपरेस उघड हरकत घेतली. 1984 साली त्यांचा संमोहनशास्त्रावरील ‘ट्रान्सवर्क’ हा ग्रंथ निघाला. 1988 साली नैराश्याच्या उपचारावर आणि 1992 साली संमोहन व नैराश्य ह्या दोहोंच्या संबंधावर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संमोहन हा स्वतः उपाय नव्हे, ते उपाय पोचविणारे वाहन आहे. गाडीत विष भरले तर विष पोचेल, धान्य भरले तर धान्य. म्हणून संमोहन धोक्याचे की हिताचे, हा प्रश्नच अपुरा आहे. त्या अवस्थेत रोग्यास काय सांगितले जाते, हा खरा प्रश्न आहे.

मग निराश मनुष्यास सांगावयाचे काय? ह्यासाठी याप्को रोग्याच्या विचारांच्या सवयी तपासतात. पहिली सवय सरसकट विचार करण्याची. भाजी करपली, तर ‘आज भाजी करपली’ असे न म्हणता निराश मन म्हणते, ‘माझ्या हातून काहीच नीट होत नाही.’ दुसरी सवय आजचे दुःख कायमचे समजण्याची. तिसरी एकच गोष्ट रात्रभर घोळत राहण्याची. पहाटे तीनची जाग बहुधा हिच्याच पायी लांबते. आणि चौथी हातपाय गाळून बसण्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन व त्यांचे सहकारी ह्यांनी 1967 साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, ज्यास सुटण्याचा उपाय काही काळ मिळाला नाही, तो पुढे वाट मोकळी असूनही उठत नाही. पिरंगुटच्या त्या बाईची आतून लागलेली कडी ही अशीच आहे: दार बाहेरून कोणी बंद केलेले नाही, परंतु ते उघडेल हेच तिला वाटेनासे झाले आहे.

ह्या सवयींना धरून याप्को उपचाराचा क्रम लावतात. पहिल्याच बैठकीत भूतकाळ उकरीत न बसता ते आशेचे बीज पेरतात. रोगी डोळे मिटून स्वस्थ बसला, श्वास संथ झाला, की त्यास काही महिन्यांपुढचा एक दिवस नजरेसमोर आणावयास सांगितले जाते: त्या दिवशी तो कोठे आहे, काय करीत आहे, कोणाशी बोलत आहे. पुढील बैठकांत एकेक सवय घेऊन तिच्या जागी दुसरी रुजविली जाते. आणि प्रत्येक बैठकीनंतर घरी करावयाचे काही काम नेमून दिले जाते. संमोहनात जे मनाने पाहिले, ते प्रत्यक्षात हातांनी करावयाचे. हा दुसरा भाग नसेल तर पहिला व्यर्थ होय. 2009 साली लिहिलेल्या एका पुस्तकात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली की नैराश्य सांसर्गिक असते. जंतूंनी नव्हे, तर विचारांच्या रीतीने ते आईकडून मुलाकडे आणि नवऱ्याकडून बायकोकडे पसरते. म्हणून उपचार एकट्या मनाचा करून भागत नाही. माणसामाणसांतील व्यवहारही सुधारावा लागतो.

नेमून दिलेल्या कामाचे महत्त्व ह्या क्षेत्रातील आद्य पुरुषाने, मिल्टन एरिक्सन ह्यांनी, फार पूर्वी ओळखले होते. 1901 साली जन्मलेले हे अमेरिकन मनोवैद्य सतराव्या वर्षी पोलिओने लुळे होऊन अंथरुणास खिळले. घरातील तान्ही बहीण पाऊल टाकावयास कशी शिकते, हे पडल्या पडल्या पाहून ते स्वतः पुन्हा चालावयास शिकले. 1980 साली त्यांचे निधन झाले. मिलवॉकी शहरातील एका बाईची हकीकत ते सांगत असत. ती श्रीमंत होती, मोठ्या घरात एकटीच राहत असे, आणि चर्चखेरीज कोठेही जात नसे. तिच्या विषण्णतेने काळजीत पडलेल्या भाच्याच्या सांगण्यावरून एरिक्सन तिला भेटावयास गेले. घरभर अंधार आणि अवकळा. पण एका कोपऱ्यात आफ्रिकन व्हायोलेटची टवटवीत रोपे होती. एरिक्सननी तिच्या दुःखाची चर्चा केली नाही. त्यांनी तिला रोपे वाढवावयास सांगितली. आणि चर्चच्या मंडळींत जेथे बारसे, साखरपुडा, लग्न, आजारपण वा मृत्यू होईल, तेथे एकेक रोप भेट म्हणून धाडावयास सांगितले. भेट एकच झाली. त्या उद्योगाने बाईचे घर व आयुष्य दोन्ही भरून गेले. आणि पुष्कळ वर्षांनी ती वारली तेव्हा सारे गाव हळहळले. अल्पकालीन उपचाराचे मर्म ह्या हकीकतीत आहे. दुःखाची मुळे खणत बसण्याऐवजी, जेथे जीव अजून तग धरून आहे ती जागा शोधावी आणि तेथे पाणी घालावे.

परंतु सूचनेच्या ह्या सामर्थ्यास दुसरी धारही आहे, आणि तिच्याविषयी सावध करण्याचे कामही याप्को ह्यांनीच केले. अमेरिकेत एक काळ असा आला की, कित्येक मानसोपचारक रोग्यास संमोहित करून बाळपणीच्या ‘विसरलेल्या’ अत्याचारांच्या आठवणी बाहेर काढू लागले. याप्को ह्यांनी शेकडो उपचारकांची मते गोळा केली. संमोहनात आठवलेली गोष्ट खरीच असते, असे त्यांपैकी पुष्कळांस वाटत असल्याचे आढळले. वस्तुतः संमोहनात स्मृती अधिक खरी होत नाही. फक्त तिच्यावरील विश्वास वाढतो. न घडलेली गोष्टही घडल्यासारखी वाटू लागते, आणि त्यापायी कुटुंबे उद्ध्वस्त होतात. 1994 साली ह्याच विषयावर पुस्तक लिहून त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. ज्याने एका साधनाचा पुरस्कार केला, त्यानेच त्याच्या दुरुपयोगावर बोट ठेवावे, ही त्या विद्येच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे.

संमोहनाचा नैराश्यावर खरोखर किती उपयोग होतो? जर्मनीत ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी सौम्य ते मध्यम नैराश्याच्या 152 रोग्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटास संमोहनोपचार, दुसऱ्यास सर्वमान्य अशी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात संमोहनोपचार दुसऱ्या पद्धतीहून कमी पडला नाही. हा निकाल उत्साहवर्धक आहे; पण तीव्र नैराश्यास तो लागू करता येत नाही. तेथे औषध आणि मनोविकारतज्ज्ञ ह्यांची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. ज्यास भास होतात, किंवा ज्याचे मन कधी अतिउल्हासाच्या तर कधी विषण्णतेच्या टोकास जाते, त्याचीही हीच गोष्ट आहे.

येथे एक शंका रास्त आहे. कॅलिफोर्निया आणि ट्यूबिंगेन येथील हे तज्ज्ञांचे उपचार पिरंगुटच्या बाईस कोठून मिळावे? ह्या शंकेचे उत्तर महाराष्ट्राच्या शेजारीच, गोव्यात, मिळाले आहे. मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेतलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल हे ज्या ‘संगथ’ संस्थेच्या संस्थापकांपैकी आहेत, तिने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराचे कोणतेही शिक्षण न झालेल्या स्थानिक मंडळींना थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनविण्यात आले. त्यांनी तीव्र स्वरूपाच्या नैराश्याच्या रोग्यांना, आरोग्य केंद्रात किंवा त्यांच्या घरी, सहा ते आठ बैठका दिल्या. एकेक बैठक सुमारे अर्ध्या-पाऊण तासाची. संमोहनाचा त्यात मागमूसही नव्हता. हे दुखणे आहे, दोष नव्हे, हे समजाविणे; दिवसभरात काय केले आणि त्या वेळी मन कसे होते, ह्याची नोंद ठेवणे; सुटलेल्या कामांपैकी एकेक पुन्हा सुरू करणे; तुटलेल्या माणसांशी बोलणे जोडणे; आणि अडचण आली तर तिचे तुकडे पाडून सोडविणे, एवढाच तो कार्यक्रम. समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणे ऐकून चुका दाखवीत. 495 रोग्यांवरील ह्या प्रयोगाचा निकाल 2017 साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी, ह्या बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के रोगी नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांस केवळ आरोग्य केंद्राचा नित्याचा उपचार मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते.

दुसरा दाखला विदर्भाचा. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावचेच कार्यकर्ते दारोदार जाऊन नैराश्याविषयी बोलत, ऐकून घेत, आणि जरूर तेव्हा समुपदेशकाकडे व तज्ज्ञाकडे पाठवीत. नैराश्याच्या रोग्यांपैकी उपचार घेणारे आरंभी शंभरात जेमतेम चार होते; दीड वर्षाच्या आत ते सत्तावीस झाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या त्या मुलखात हा फरक लहान नव्हे.

कॅलिफोर्नियातील संमोहनकार आणि गोव्यातील समुपदेशक ह्यांची साधने इतकी भिन्न असूनही त्यांच्या उपचाराचा गाभा एकच आहे. ‘हे असेच चालायचे’ ह्या निश्चयास पहिल्याच भेटीत थोडासा तडा द्यावयाचा, आणि त्या तड्यातून एक लहानसे काम आत सरकवायचे. मन उल्हसित झाले म्हणजे हात काम करतील, अशी वाट पाहत बसले तर ती वाट संपत नाही. हात आधी हलतात, मन मागून येते.

तेव्हा पिरंगुटच्या त्या बाईकडे एखादी जाणती समुपदेशिका आली, तर ती ‘मन घट्ट करा’ असा उपदेश करणार नाही. ती म्हणेल, “मावशी, घरचे सगळे काम राहू द्या. उद्या सकाळी फक्त कडी काढून ओट्यावर बसा. शेजारच्या काकूंनी चहा आणला तर दोन घोट घ्या. गुरुवारी मी परत येते, तेव्हा कसे वाटले ते मला सांगा.” पुढल्या गुरुवारी ओट्याचे अंगण होईल, त्याच्या पुढल्या गुरुवारी भजनाची ओळ होईल. घरच्यांनी करावयाचे तेही एवढेच: बोलणी थांबवावी, लहान कामाची दखल घ्यावी, आणि औषध चालू असल्यास ते वैद्यास विचारल्यावाचून बंद करू नये. जीव नकोसा झाल्याची भाषा बाईच्या तोंडी आली, तर ती पोकळ धमकी समजू नये. तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्य गाठावा. 2017 सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता, असेच गृहीत धरावयास सांगितले आहे. त्याच कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारने ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा चालू केली असून 14416 ह्या क्रमांकावर तिच्याशी मराठीतूनही बोलता येते.

मोहिनीविद्या ह्या शब्दात कोणीतरी कोणावर तरी मोहिनी घालतो असा अर्थ आहे. दोन शतकांच्या अनुभवाने त्या अर्थाची दिशा फिरविली. निराश मनुष्यावर आधीच एक मोहिनी पडलेली असते. ‘उद्या आजच्यासारखाच असणार’ ही ती मोहिनी. डोळे मिटवून असो वा ओट्यावर बसवून असो, उपचारकाचे काम ती उतरविण्याचे आहे. आणि ते थोड्या बैठकांत होऊ शकते, हे गोव्याच्या आरोग्य केंद्रांतून सिद्ध झाले आहे. पिरंगुटच्या खाचरात लावणीनंतर रोप काही दिवस पिवळे पडते, माना टाकते. अनुभवी शेतकरी ते उपटून फेकीत नाही. बांधात पाणी राखतो आणि धीर धरतो. मुळे धरली की तेच रोप पुन्हा हिरवे होऊन उभे राहते.